चांदी काळी करायचा हंगाम

काल सकाळी कॉलेजातून फोन आला. "मॅडम, तिसऱ्या कपाटाची किल्ली कुठं असते?" बोलणारे माझ्या जागी आलेले नवे सर होते. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. पण किल्ली तीन नंबरच्या खिळ्यावर असते, खिळ्याखाली तीन असं लिहिलेलं आहे, आणि सर त्या खिळ्याला पाठ लावूनच उभे असणार, हे मला घरबसल्या दिसत होतं. "सापडली, सापडली," ते म्हणाले. पाठीला टोचली असावी.

म्हणजे प्रॅक्टिकल परीक्षांचे दिवस आले. बाकी कोल्हापूरला हे दिवस उसाचे. आमच्या बाल्कनीखालून ट्रॅक्टर जातात. प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत मावेल त्याच्या दुप्पट ऊस आणि उसाला झोप लागू नये अशी मोठ्यानं लावलेली गाणी. दुपारी कुठून तरी गुऱ्हाळाचा वास येतो. माझी पंचाईत अशी की हा वास आला की मला गूळ आठवत नाही, सोल्डरिंग करताना वितळणारी राळ आठवते. हे दोन वास तीस वर्षं दर डिसेंबरला माझ्या लॅबच्या एकाच खिडकीत भेटत आले, आता त्यांना वेगळं करणं माझ्या नाकाला जमत नाही.

इरा, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, तू नक्की काय शिकवायचीस?" आणि तुझी आई पलीकडून ओरडली, "मशीन!" तेवढ्यात नील म्हणाला की तुमच्या शाळेत प्रॅक्टिकल आता स्क्रीनवरच करतात, हात खराब होत नाहीत. मी गप्प बसले, कारण तुमची झोपायची वेळ झाली होती आणि माझं उत्तर लांबणार होतं. ते आता लिहिते आहे.

दवाखान्यात हृदयाची, मेंदूची, डोळ्यांची यंत्रं असतात, ती बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरांना मी शिकवत असे. त्यातलं गणित वरच्या मजल्यावर इतर लोक शिकवत. तळमजल्यावर माझ्याकडे हात शिकायला येत. वायरचं आवरण सोलायचं पण आतली एकही तार तुटू द्यायची नाही, हे ऐकायला एका ओळीचं काम आहे आणि करायला एक महिना लागतो. पहिल्या आठवड्यात मी मुलांना फक्त भाजके शेंगदाणे सोलायला लावी. साल निघाली पाहिजे, दाणा दुभंगता कामा नये. महादूमामा, आमचे लॅब अटेंडंट, दुभंगलेले दाणे जप्त करून खात. "मॅडम, यंदाची बॅच लई चांगली हाय," ते तिसऱ्या दिवशी म्हणत, "माझं पोट भरतंय."

लॅबच्या भिंतीवर मी अकरा नियम लावले होते, मराठीत आणि इंग्रजीत, एकाच मापाच्या अक्षरांत. कुणाला हात लावण्याआधी त्याला सांगा, हा पहिला. सातवा असा: वस्तू घेतली त्याहून स्वच्छ करून जागेवर ठेवा. या सातव्या नियमाचा मला फार अभिमान होता.

मग करोनाचं ते दीड-दोन वर्षांचं कुलूप पडलं आणि आम्ही प्रॅक्टिकल स्क्रीनवर शिकवू लागलो. स्क्रीनवर सोल्डरिंगनं बोट भाजत नाही. भाग उलटा बसवला तर तो सुलटा होतो, जळत नाही. तोंडी परीक्षेत मी प्रश्न विचारला की पलीकडून कुकरची शिट्टी यायची आणि मुलगा म्हणायचा, "मॅडम, आवाज तुटतोय." शिट्टी मात्र अख्खी ऐकू यायची. कॉलेज उघडलं तेव्हा जी बॅच जिना उतरून आली, तिला सगळं ठाऊक होतं आणि काहीच येत नव्हतं. एकानं तापलेली सोल्डरिंग गन पेनसारखी पुढच्या टोकाला धरायचं मनात आणलं, मामांनी वेळेवर मनगट धरलं म्हणून वाचला. दुसऱ्या एकीनं चुकीची वायर कापली, थांबली, आणि क्षणभर तिचा डावा हात टेबलावर काहीतरी चाचपत राहिला. चूक मागे घ्यायचं बटण शोधत होती बिचारी.

ती बिचारी म्हणजे अक्षता. हुपरीची. तिच्या घरी तीन पिढ्या चांदीचे पैंजण घडवतात. वर्गात पहिली-दुसरी येणारी मुलगी. त्या उन्हाळ्यातल्या परीक्षेत तिच्या वाट्याला डोळ्यांचं प्रॅक्टिकल आलं. ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपला डोळा ही एक छोटी बॅटरी असते, पुढची बाजू अधिक, मागची वजा. दोन्ही डोळ्यांच्या कडेला एकेक चकती आणि कपाळावर एक चकती चिकटवली की डोळा जिकडे फिरेल तशी पडद्यावरची रेघ हलते. उजवीकडे बघितलं की वर, डावीकडे बघितलं की खाली. चकत्या शर्टाच्या बटणाएवढ्या, चांदीच्या.

अक्षतानं सर्किट सुंदर जोडलं. मग चकती घेऊन मामांजवळ गेली, आणि तिचा हात त्यांच्या कपाळापासून दोन बोटांवर थांबला. पुढे जाईना. दोन वर्षं सगळ्या जगानं तिला सांगितलं होतं, कुणाला हात लावू नकोस. मामा डोळे मिटून बसलेले. थोड्या वेळानं त्यांनी एक डोळा उघडला.

"लाव की पोरी. मी काय लाजाळूचं झाड हाय व्हय?"

हात तसाच. ती रडायला लागली. बाहेरच्या परीक्षकांनी घड्याळ बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. अक्षता नापास झाली. बाकीचे सगळे विषय सुटले, हा एकच राहिला.

पुण्याच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली होती, दवाखान्यांत जाऊन यंत्रं दुरुस्त करायची. कंपनीनं सांगितलं, डिसेंबरपर्यंत थांबतो, तेवढा विषय सोडवून या. तिचे वडील मला भेटायला आले. समोरच्या खुर्चीत बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. "मॅडम, पास झाली तर पुणं. न्हाय तर माझ्याशेजारी घुंगरू जोडत बसंल. दोन्ही कामं चांगलीच हायत. पर तिला एकच पायजे." एवढं बोलून गेले. मला तो माणूस आवडला.

मग दिवाळीच्या आधीपासून अक्षता आठवड्यातून तीनदा हुपरीहून एसटीनं यायची आणि माणसांना हात लावायचा सराव करायची. आधी माझा हात, मग माझं कपाळ. मग मामा. मग ऑफिसातले क्लार्क, कॅन्टीनच्या मावशी, फी भरायला आलेले एक पालक. "हात लावते हं," म्हणायचं, मग लावायचा. पहिल्या दिवशी तिची बोटं बर्फासारखी होती. मामांच्या कानशिलावर चकती चिकटवायच्या पेस्टचा पांढरा गोल कायमचा उमटला. ते वैतागून म्हणाले, "माझं डोस्कं म्हंजे काय सरकारी भिंत हाय? रोज येतंय आन् चिकटवून जातंय!" पण आठवड्याचे ते तीन दिवस ते दाढी करून येऊ लागले.

हे असं शिकवणं फोनवर का होत नाही, ते इरा, तुला माहीत आहे. पोळ्यांची कणीक किती मऊ हवी म्हणून तू विचारलंस. मी म्हटलं, कानाच्या पाळीइतकी. तू कणकेचाच हात कानाला लावलास. मग केसांना. तुझ्या आईनं मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. माझी आई असती तर तिनं बोलण्याऐवजी माझं बोट धरून कणकेत दाबलं असतं, काम संपलं. माझ्या बोटात जे आहे ते मला शब्दांत कधीच नीट मांडता आलेलं नाही, आणि मी तर इंग्रजी शाळेत पहिल्या बाकावर बसून प्रत्येक गोष्टीची व्याख्या पाठ केलेली बाई.

असो. परीक्षेची सकाळ.

मी आठ वाजता लॅब उघडली. परीक्षा दहाला. परीक्षक कऱ्हाडहून येणार होते. अक्षता आधीच दाराशी उभी होती, नवीन ड्रेस, तेल लावून घट्ट वेणी. चेहऱ्यावर वाढदिवसाला भेट आणलेल्या माणसाचा आनंद. तिनं पर्समधून गुलाबी कागदाची पुडी काढली. सराफाकडे दागिने देतात ना, तो कागद. पुडी उघडली.

आत माझ्या आठही चकत्या. लखलखीत. आरशासारख्या.

"मॅडम, लई काळ्या पडल्या होत्या. मला बघवंना. काल मामांना विचारून घरी नेल्या. अव्वानं आणि मी रात्रीच्या जेवणाआधी बसून रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं घासल्या. बघा की, कशा झाल्यात!" अव्वा म्हणजे तिची आजी.

मी खुर्ची ओढून बसले.

सांगते. आपली कातडी म्हणजे मिठाचं पाणी, आणि चांदी म्हणजे धातू. विजेच्या बाबतीत या दोघांची भाषा वेगळी. मध्ये दुभाषी लागतो. चकतीवरचा तो काळपट थर म्हणजे तो दुभाषी. आम्ही तो मुद्दाम चढवलेला असतो. तो नसला तर डोळ्यासारखी हळू, बारीक हालचाल वाचता येत नाही, रेघ मनाला येईल तिकडे भटकते. हुपरीच्या दोन बायकांनी मिळून माझे आठ दुभाषी घासून गटारात सोडले होते.

पुस्तकात तो थर होता, अक्षताला तो तोंडपाठही होता. पण पुस्तकातला थर आणि समोरची काळी चांदी ही एकच वस्तू आहे, हे तिच्या डोक्यात जुळलंच नव्हतं. कसं जुळावं? त्या घरात काळी चांदी म्हणजे आळस. तिथे लहानपणापासून एकच शिकवतात, चांदी काळी दिसली की घास.

"मॅडम, चुकलं काय माझं?"

मी सांगितलं. तिचा रंग घासलेल्या चकत्यांसारखा पांढरा झाला. "म्हंजे मी परत नापास?" मामा दारात चहाचे कप घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, तिला वरडू नगा. मीच म्हणालो ने म्हणून. आन् तुमच्या भिताडावर काय लिवलंय ते बघा आधी." आणि कप सांभाळत, हनुवटीनं त्यांनी सातवा नियम दाखवला.

तीस वर्षांत त्या माणसानं माझा एकही नियम पाळला नव्हता. वाचले मात्र सगळे होते.

चकत्यांऐवजी चालणाऱ्या, एकदाच वापरायच्या, चिकटपट्टीच्या इलेक्ट्रोडांचा डबा कपाटात होता. उघडून बघितला, आतली जेल वाळून खपली झालेली. नवे मागवलेले वाटेत होते, म्हणजे कुठेच नव्हते. उरला एक उपाय. मिठाचं पाणी, एक सेल, चकत्या अधिक टोकाला आणि वजा टोकाला चांदीचाच दुसरा तुकडा. काही मिनिटांत थर चढतो. मामा कॅन्टीनमधून मूठभर मीठ घेऊन आले. सेल मी प्रोजेक्टरच्या रिमोटमधून काढला, नोंद न करता. चांदीचा तुकडा?

अक्षतानं वाकून डाव्या पायातलं पैंजण काढलं.

"हे काळं पडंल काय हो मॅडम? बाबांनी केलंय."

"वजा बाजूला आहे. पांढरंच राहील."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्यावर विश्वास ठेवायला त्या क्षणी तिच्याकडे फारसं कारण नव्हतं. तरी तिनं ते पाण्यात सोडलं.

आणि नेमके तेव्हाच परीक्षक आले. नऊ वाजता. उसाच्या ट्रॉल्यांमुळे रस्ता अडतो असं सगळ्यांनी सांगितल्यामुळे ते पहाटेच निघाले होते, आणि त्या दिवशी रस्ता मोकळा होता. स्वेटर, मफलर, जाड चष्मा. टेबलावर काचेचं भांडं, त्यात मीठ, पैंजण, चकत्या, आणि भोवती तीन माणसं श्वास रोखून.

"पूजा आहे का?" त्यांनी विचारलं.

"व्हय सर," मामा म्हणाले. "सरस्वतीची."

मी त्यांना पलीकडच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला, कॅन्टीनचे गरम बटाटेवडे पुढे ठेवले. त्यांनी हात वर केला. "तेलकट बंद आहे. डॉक्टरांनी सांगितलंय." बशी प्रॅक्टिकलला बसायच्या खुर्चीच्या उजव्या हाताच्या टेबलावर राहिली.

इकडे अक्षता भांड्यावर वाकलेली. मी घड्याळ लावून मिनिटं मोजत होते, माझी सवय. ती मिनिटं मोजत नव्हती. ती चांदी बघत होती. आधी ती दुधाळ झाली, मग जांभळट, मग तपकिरी. "अजून न्हाय," ती पुटपुटली, "या कडेला पातळ हाय." बोटानं वायर किंचित वळवली. माझ्या घड्याळाप्रमाणे वेळ झाली तेव्हा तिनं नकाराची मान हलवली. आणखी थोडा वेळ गेला. मग तिनं चकत्या उचलल्या. तीस वर्षांत मी स्वतः इतका एकसारखा थर कधी चढवलेला नव्हता. चांदीचा रंग ओळखायला ती पाळण्यात असल्यापासून शिकली होती. फक्त आज उलट्या दिशेनं चालली होती, आणि तिचं तोंड असं झालं होतं की जणू कुणी तिला देवघरातला दिवा फुंकायला लावला आहे.

"अव्वानं बघितलं तर घरात घेणार न्हाय मला," ती म्हणाली.

दहा वाजले. मामा खुर्चीत बसले. अक्षता म्हणाली, "मामा, हात लावते हं," आणि लावला. हात थांबला नाही. मी श्वास सोडला, पण रेघ बघेपर्यंत पुरा नाही. रेघ थोडी हेलकावली. ताजा थर स्थिर व्हायला वेळ घेतो हे मला ठाऊक होतं, परीक्षकांनाही असावं. मग रेघ सरळ झाली. मामांनी उजवीकडे बघितलं, वर. डावीकडे बघितलं, खाली. छताकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "पंखा पुसायला झालाय."

आता तोंडी प्रश्न. "या प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यात मोठी चूक कोणती होऊ शकते?" परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं. याचं उत्तर पुस्तकात आहे: कातडी नीट न पुसणं. अक्षताला ते झोपेतही आलं असतं. मी मनातल्या मनात तिला उत्तर सांगत होते.

"चकत्या स्वच्छ करणं, सर," ती मराठीत म्हणाली.

"स्वच्छ न करणं?"

"नाही सर. करणं. मी काल केल्या." आणि तिनं सगळं सांगितलं. रिठा, पितळी ब्रश, अव्वा, गुलाबी कागद, सकाळचं भांडं. फक्त सातव्या नियमाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तो तिच्या डोक्यावरच, दोन भाषांत, लटकत होता.

मुलांनो, मी नीटनेटकी बाई आहे. माझं चुकलं असं मी आयुष्यात फार कमी वेळा म्हटलं आहे, आणि परीक्षकांसमोर कधीच नाही. "तो नियम माझा आहे," मी म्हणाले. "तो इथे लागू नाही असं लिहायला मी विसरले. चूक धरायची तर माझीही धरा."

परीक्षकांनी भिंतीकडे बघितलं, नियम दोन्ही भाषांत वाचला, मग माझ्याकडे बघितलं. मग मफलर काढला, चष्मा काढला आणि मामांना म्हणाले, "उठा."

ते स्वतः खुर्चीत बसले. "आता मला लाव."

मामांना हात लावणं वेगळं. त्यांच्या कानशिलावर तिची जागा ठरलेली होती. हा परका माणूस, वयानं मोठा, हातात तिची गुणपत्रिका. अक्षतानं चकती घेतली. तिचा हात त्यांच्या चेहऱ्याजवळ गेला, आणि मला उन्हाळा आठवला.

"सर, हात लावते हं," ती म्हणाली. "पेस्ट गार हाय, दचकू नका." आणि लावली. एक, दोन, तीन. अंगठ्यानं हलकेच दाबून, कडा बसल्यात का ते बोटानं चाचपून. मग म्हणाली, "आता समोरच्या लाल टिकलीकडं बघा. मान हलवू नका."

ते टिकलीकडे बघू लागले. रेघ मध्यावर, छान. मग एकाएकी वर उडाली आणि परत आली.

"सर, टिकलीकडं."

"तिकडेच बघतोय."

रेघ पुन्हा वर उडाली. अक्षतानं सर्किट तपासलं, वायरी बघितल्या, पेस्ट बघितली. तिसऱ्यांदा रेघ वर गेली तेव्हा तिनं पडदा सोडला आणि सरांच्या उजवीकडे बघितलं.

"सर," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही वड्याकडं बघताय."

लॅबमध्ये असं कुणी परीक्षकांना बोललेलं माझ्या आठवणीत नाही. मामा पंख्याकडे बघू लागले. परीक्षक टिकलीकडे बघत राहिले, मान न हलवता, आणि पडद्यावरची रेघ, कुणीही न विचारता, चौथ्यांदा वर गेली.

आधी त्यांचे खांदे हलले, मग ते मोठ्यानं हसले. रेघ इतकी नाचली की पडद्याबाहेर गेली. चकत्या चिकटलेल्या असतानाच त्यांनी हात लांब करून वडा उचलला, अर्धा तोंडात टाकला आणि उरलेल्या हातानं माझ्याकडे पेन मागितलं.

अक्षता ओला कापूस घेऊन त्यांच्या कानशिलावरची पेस्ट पुसायला लागली. "हलू नका सर, डोळ्यात जाईल," ती म्हणत होती, आणि ते तिच्याच नावापुढे गुण लिहीत होते. तिनं जरा जोर लावला तशी मान हलली आणि आकडा वाकडा झाला. तिला तो दिसत नव्हता, ती डावं कानशील पुसण्यात गढली होती. मला दिसत होता. वाकडा होता, पण पुण्याला पोचेल एवढा मोठा होता. मी तिला काही सांगितलं नाही. तिचं काम अजून संपलं नव्हतं.